अतिथि, वही आणि वास्तु
मुंबईच्या वॉटसन हॉटेलची हकीकत व तिच्या पुराव्याचा विचार

अतिथि ह्या शब्दाची व्युत्पत्ति मनुस्मृतींत दिलेली आहे. ज्याचें राहणें नित्य नाहीं, जो एक रात्र राहून पुढें जातो, तो अतिथि. लोकांत दुसरी व्युत्पत्ति रूढ आहे, ती अशी कीं, ज्याच्या येण्यास ठरलेली तिथि नाहीं तो अतिथि. दोहोंचें तात्पर्य एकच निघतें. अतिथि येतो, जातो, आणि मागें कागद ठेवीत नाहीं. हॉटेल नांवाची संस्था आपल्या देशांत आली तेव्हां हा प्रकार पालटला. तेथें पाहुण्याचें नांव, येण्याचा दिवस, जाण्याचा दिवस व खोलीचा आंकडा वहींत चढूं लागला. अतिथीला तिथि मिळाली ती ह्या वहींत. ह्या दृष्टीनें पाहिलें असतां जुनें हॉटेल म्हणजे एक दफ्तरच होय. आणि दफ्तराची जी दशा होते तीच पुष्कळदां हॉटेलाचीही होते. वह्या रद्दींत जातात, वास्तु मोडकळीस येते, आणि कथा मात्र वाढत राहतात.

प्रस्तुत लेखांत मुंबईच्या काळा घोडा भागांतील वॉटसन हॉटेलची हकीकत द्यावयाची आहे. यवतमाळच्या मनुष्यानें मुंबईच्या हॉटेलाविषयीं कां लिहावें, असें वाचकांस वाटेल. त्याचीं कारणें दोन. पहिलें असें कीं, ज्या पैशाच्या लाटेवर हें हॉटेल उभें राहिलें ती लाट कापसाची होती, आणि त्या कापसांत वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचा वांटा होता. दुसरें कारण अभ्यासाच्या पद्धतीचें आहे. थोर पुरुष कोठें उतरला, किती रात्री राहिला, त्या जागेचें दार कोणत्या दिशेस होतें, ह्याची बारीक नोंद ठेवण्याची परंपरा महाराष्ट्रांत फार जुनी आहे. महानुभाव पंथाची 'स्थानपोथी' ही अशीच नोंद होय. श्रीचक्रधरस्वामी ज्या ज्या गांवीं, ज्या ज्या मठांत व देवळांत राहिले, त्या प्रत्येक स्थानाची जागा, दिशा व आसपासची रचना तींत सांगितली आहे. वि. भि. कोलते ह्यांनीं ती संपादून अभ्यासकांच्या हातीं दिली. भक्तीसाठीं लिहिलेली ही पोथी आज प्राचीन ग्रामरचनेचें साधन झाली आहे. अर्वाचीन उतारगृहांनाही तीच कसोटी लावावी, एवढेंच येथें सुचवावयाचें आहे. कोण आला, केव्हां आला, कोठें राहिला, आणि हें कोणाच्या साक्षीनें, हे चार प्रश्न प्रत्येक पाहुण्याविषयीं विचारले पाहिजेत.

(१) कापूस व हॉटेल

इ. स. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें. दक्षिणेकडील संस्थानांचीं बंदरें उत्तरेच्या आरमारानें अडविलीं, आणि लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. त्या गिरण्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाड इ. स. १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारांत आलेलें होतें. तेथील व खानदेश-गुजराथेंतील कापूस मुंबईच्या धक्क्यावरून विलायतेस जाऊं लागला. युद्धाच्या पांच वर्षांत नेहमींच्या किंमतीपेक्षां सुमारें ८ कोटी १० लक्ष पौंड अधिक मुंबईस मिळाले, असा तत्कालीन अदमास आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोहोंचला तो १८६७ मध्यें. म्हणजे तेजीच्या ऐन भरांत आपल्याकडचा माल गाड्यांवरून दूरच्या ठाण्यांपर्यंत न्यावा लागे, आणि शेतकऱ्याच्या हातीं तेजी पोहोंचेपर्यंत मंदीची चाहूल लागलेली असे.

त्याच वर्षांत गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्या कारकीर्दींत मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले गेले, आणि तटाबाहेरील मोकळ्या मैदानाच्या कडेच्या जागा विकावयास काढण्यांत आल्या. १८६४ सालीं त्यांतील एक जागा जॉन हडसन वॉटसन नांवाच्या इंग्रज कापडवाल्यानें घेतली. मुंबईंत त्याचा कापडाचा व्यापार चांगला चालत होता, व आरंभीं त्याचा मनोदय दुकान व कचेरी बांधण्याचा होता. पुढें तो बेत बदलून हॉटेल बांधण्याचें ठरलें. १८६५ च्या एप्रिलांत अमेरिकेंतील युद्ध थांबलें, कापसाचे भाव कोसळले, आणि जुलैमध्यें शेअरबाजाराच्या वायद्यांचा दिवस येतांच मुंबईच्या कित्येक पेढ्या बुडाल्या. वॉटसनचें बांधकाम ह्या बुडीतून तरलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्या तेजींत जन्मलेले पुष्कळ संकल्प कागदावरच राहिले. हा मात्र लोखंडांत उतरला.

(२) वास्तु हाच पहिला दस्तऐवज

लोखंडांत उतरला हें अक्षरशः खरें आहे. ह्या इमारतीचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश ह्या इंग्रज स्थापत्यविशारदानें केला. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनाच्या विशाल छपराच्या कामांत ह्याचा हात होता, आणि लंडनचाच आल्बर्ट पूल हीही त्याचीच कृति. हॉटेलाचे ओतीव लोखंडी खांब, तुळया व कठडे इंग्लंडांत तयार करून सुट्या भागांच्या रूपानें जहाजांतून मुंबईस आणले, आणि १८६७ ते १८६९ ह्या काळांत तेथें एकमेकांस जोडून उभे केले. इमारतीचा सर्व भार ह्या लोखंडी सांगाड्यावर आहे. विटांच्या भिंती केवळ मधली जागा भरून काढण्यापुरत्या. पुढील काळांत उंच इमारतींची जी पद्धति जगभर रूढ झाली, तिचें हें अगदीं आरंभींचें रूप होय. हिंदुस्थानांत आज उभ्या असलेल्या ओतीव लोखंडी सांगाड्याच्या इमारतींत ही सर्वांत जुनी मानली जाते. १८७१ मध्यें हॉटेल उघडलें. पांच मजले, सुमारें १३० खोल्या, आंत कांचेच्या छताखालील प्रशस्त दालन, आणि रस्त्याकडे मजल्यामजल्यांस लांबच लांब सज्जे, असा थाट होता. मैदानाच्या इंग्रजी नांवावरून त्यास एस्प्लनेड हॉटेल म्हणत. पण लोकांच्या तोंडीं मालकाचेंच नांव राहिलें.

पोथीच्या अभ्यासांत आपण अक्षर पाहतों, कागद पाहतों, शाई पाहतों. वास्तूच्या अभ्यासांत खांब, सांधा व सज्जा ह्यांना तेंच स्थान आहे. पाहुण्यांच्या कथांत कितीही फेरफार होवोत, हा सांगाडा कोठें ओतला व कसा जोडला ह्याविषयीं तो स्वतःच साक्ष देतो.

(३) स्वहस्ताची साक्ष : मार्क ट्वेन

पाहुण्यांच्या पुराव्याचे मी तीन वर्ग करितों. पहिला वर्ग स्वहस्ताच्या साक्षीचा, म्हणजे पाहुण्यानें स्वतः लिहून ठेवलेल्या मजकुराचा. ह्या वर्गांत अमेरिकन ग्रंथकार मार्क ट्वेन येतो. कर्ज फेडण्यासाठीं व्याख्यानें देत तो पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला होता. १८९६ च्या जानेवारींत तो मुंबईस उतरला, आणि १८९७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथांत त्यानें ह्या मुक्कामाचें वर्णन केलें. त्याचा मुक्काम वॉटसनमध्यें होता हें सर्वमान्य आहे. सज्ज्याच्या कठड्यावर बसून खोलींत डोकावणारे व पाहुण्याच्या कपड्यांवर, रंगावर आणि चारित्र्यावर आपसांत चर्चा करणारे कावळे त्यानें मोठ्या विनोदानें रंगविले आहेत. हा भाग बहुतेकांस ठाऊक असतो.

परंतु त्याच प्रकरणांत दुसरी एक नोंद आहे, ती मला अधिक मोलाची वाटते. खोली लावून देण्यासाठीं एक धिप्पाड जर्मन मनुष्य तीन देशी नोकरांस घेऊन वर आला. दाराचें कांहीं काम नीट न झाल्यावरून त्यानें त्यांतील एकाच्या तोंडांत मारली. नोकरानें मुकाट्यानें ती सोसली. तें पाहतांच ट्वेनला आपल्या बालपणींची गुलामगिरी आठवली, आणि पन्नास वर्षांपूर्वींचें आपलें गांव क्षणांत डोळ्यांपुढें उभें राहिलें, असें तो लिहितो. जगाच्या दोन टोकांना जोडणारी ती एक चपराक होती. पाहुण्याचें नांव सर्वांस ठाऊक आहे. ज्याच्या तोंडांत मारली त्याचें नांव पुस्तकांत नाहीं. हॉटेलच्या वहींत पाहुण्यांचीं नांवें असतात, पाणी भरणाऱ्यांचीं नसतात. उतारगृहाचा इतिहास लिहितांना ही उणीव आपल्या साधनांतच आहे, हें विसरूं नये.

(४) समकालीन छापील नोंद : ७ जुलै १८९६

दुसरा वर्ग समकालीन छापील नोंदींचा. ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसन हॉटेलांत फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंच्या चलत्‌चित्रांचा खेळ झाला. पॅरिसमधील त्यांचा पहिला जाहीर खेळ २८ डिसेंबर १८९५ चा. म्हणजे सात महिने पुरे होण्यापूर्वींच तें नवल मुंबईंत येऊन पोहोंचलें होतें. 'टाइम्स ऑफ इंडिया' पत्रांत त्या दिवशीं जाहिरात आली. तिकिटाचा दर एक रुपया होता, आणि सहा लहान चित्रें दाखविलीं गेलीं. स्टेशनांत शिरणारी आगगाडी व कारखान्यांतून बाहेर पडणारे कामगार हीं त्यांतलींच. थोड्याच दिवसांत हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरांत हलले, व तेथें चार आण्यांपासून दर ठेवण्यांत आले. हिंदुस्थानांतील चित्रपटाचा इतिहास ह्या तारखेपासून मोजतात तो वर्तमानपत्राच्या आधारावर. कोणाच्या आठवणीवर नव्हे. म्हणून तो पक्का आहे.

ह्या खेळास हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे 'सावेदादा', उपस्थित होते असें सांगतात. ते छायाचित्रांचा धंदा करीत. पुढें त्यांनीं विलायतेहून यंत्र मागवून १८९९ मध्यें मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्तीचें चित्र घेतलें, आणि १९०१ च्या डिसेंबरांत रँग्लर परांजपे विलायतेहून परत आले तेव्हांच्या स्वागताचेंही चित्रण केलें. चित्रपट घेणारा पहिला हिंदी मनुष्य म्हणून त्यांचें नांव कायम झालें आहे तें ह्या कामामुळें. त्यांची हॉटेलांतील उपस्थिति ही मात्र पहिल्या खेळाच्या तारखेइतकी भक्कम बाब नव्हे. चित्रें हा त्यांचा खरा दस्तऐवज. उपस्थिति ही त्यामागें जोडलेली हकीकत. दोहोंचें वजन वेगळें धरावें.

(५) उत्तरकालीन आख्यायिका : जमशेटजींची गोष्ट

तिसरा वर्ग आख्यायिकेचा. जमशेटजी टाटा एकदां वॉटसन हॉटेलांत गेले, हिंदी म्हणून त्यांस दारांतून परत पाठविलें, आणि त्या अपमानाच्या रागानें त्यांनीं ताजमहाल हॉटेल बांधलें, ही गोष्ट सर्वतोमुखी आहे. मी स्वतः तीस वर्षें वर्गांत ती मुलांना सांगत आलों. मुलांचे डोळे चमकत, आणि मलाही बरें वाटे. सेवानिवृत्तीनंतर ती कोठें लिहिली आहे तें पाहूं लागलों, तेव्हां ती समकालीन कागदांत नसून पुढच्या काळांतील लेखनांतच आढळते असें दिसून आलें. शिवाय सर्वांत एकवाक्यता नाहीं. कोणी वॉटसनचें नांव घेतात, कोणी अपोलो बंदराकडील पाइकच्या हॉटेलाचें. एकच अपमान दोन दारांवर होऊं लागला म्हणजे संशोधकानें सावध व्हावें. हस्तलिखितांत एकच ओवी दोन कवींच्या नांवावर सांपडली म्हणजे आपण हेंच करितों.

आतां वरील दोन हकीकती शेजारीं ठेवून पाहाव्या. हिंदी मनुष्यास वॉटसनमध्यें पाऊल टाकतां येत नसे, असें एक कथा म्हणते. त्याच वॉटसनमध्यें सावेदादा रुपयाचें तिकीट काढून बसले होते, असें दुसरी म्हणते. दोन्ही शब्दशः खऱ्या मानतां येत नाहींत. मुक्कामास येणारा पाहुणा व खेळास येणारा प्रेक्षक हा भेद केला तर मेळ बसतो. हॉटेल युरोपीय पाहुण्यांसाठीं चालत असे. परंतु तिकिटाच्या खेळाचें दार निराळें असूं शकेल. हा माझा तर्क आहे, व तो तर्क म्हणूनच घ्यावा.

ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजीं उघडलें, ही तारीख निश्चित आहे. तें बांधण्यास अपमानाचें कारण लागत होतेंच असें नाहीं. जमशेटजी हा मोठा हिशेबी व दूरदर्शी मनुष्य. १ जानेवारी १८७७ रोजीं त्यांनीं नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली ती कापूस जवळ, कोळसा जवळ व लोहमार्ग हाताशीं असें पाहून. ज्या वऱ्हाड-नागपुरच्या कापसाच्या तेजींतून वॉटसनची इमारत उठली, त्याच कापसाशेजारीं जाऊन त्यांनीं गिरणी काढली. मुंबईसारख्या बंदरास साजेसें हॉटेल असावें, असें अशा मनुष्यास सहज वाटलें असेल. म्हणून अपमान झालाच नाहीं, असें मी म्हणत नाहीं. त्या काळीं असे अपमान नित्य होत, आणि कथा टिकली ती त्या सर्वांच्या वतीनें टिकली. परंतु कथा एका समाजाच्या दुःखाचा पुरावा असते तेव्हां ती एका दिवसाच्या घटनेचा पुरावा असतेच असें नाहीं. मुलांना गोष्ट सांगावी, पण 'अशी एक गोष्ट सांगतात' ह्या शब्दांनीं आरंभ करून सांगावी. माझ्या तीस वर्षांच्या चुकीचें एवढेंच प्रायश्चित्त मला करतां येण्यासारखें आहे.

(६) दुसरें दार : सरदारगृह

मग मुंबईस जाणारा मराठी मनुष्य कोठें उतरत असे? क्रॉफर्ड मार्केटजवळील सरदारगृह हें त्याचें एक प्रसिद्ध उत्तर होय. ह्या उतारगृहाची कीर्ति एका पाहुण्याच्या अंतकाळाशीं कायमची बांधली गेली आहे. लोकमान्य टिळक १९२० च्या जुलैंत मुंबईस आले असतां तेथेंच तापानें आजारी पडले, आणि १ ऑगस्ट १९२० रोजीं मध्यरात्र उलटल्यावर तेथेंच निवर्तले. दुसऱ्या दिवशीं नव्हे, त्याच रविवारीं, लक्षावधि लोकांच्या समुदायांत अंत्ययात्रा निघाली, गांधीजींनीं खांदा दिला, आणि गिरगांवच्या चौपाटीवर दहन झालें. येथें पुराव्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं; सारें शहर साक्षी होतें.

आपल्या जिल्ह्याचा संबंध येथें येतो. टिळकांचे अनुयायी लोकनायक माधव श्रीहरि अणे हे मूळचे वणीचे (जन्म १८८०), व यवतमाळ ही त्यांची कर्मभूमि. त्यांनीं उतारवयांत 'तिलकयशोऽर्णव' हें लोकमान्यांचें प्रचंड संस्कृत पद्यचरित्र रचलें. अणे १९६८ मध्यें वारले. ग्रंथ त्यांच्या पश्चात् छापून झाला, व १९७३ मध्यें त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. वॉटसनच्या सज्ज्याचें वर्णन अमेरिकन विनोदकारानें इंग्रजींत केलें. सरदारगृहांत संपलेल्या आयुष्याचें चरित्र आपल्या जिल्ह्याच्या पुरुषानें गीर्वाणवाणींत गाइलें. दोन उतारगृहांच्या स्मृति दोन भाषांत गेल्या, त्याचें कारण त्यांच्या दारांतच आहे.

(७) शेवट व विनंति

ताज उघडल्यावर वॉटसनचें वैभव ओसरत गेलें. विसाव्या शतकांत हॉटेल बंद पडलें, दालनें व खोल्या तोडून लहान गाळे पडले, आणि त्यांत वकिलांच्या कचेऱ्या, दुकानें व बिऱ्हाडें आलीं. इमारतीस एस्प्लनेड मॅन्शन असें नांव मिळालें. २००५ मध्यें तिचा सज्ज्याचा भाग कोसळला. त्याच सुमारास जगांतील संकटग्रस्त वास्तूंच्या २००६ च्या यादींत तिचा समावेश झाला. २०१९ सालीं ती धोकादायक म्हणून रिकामी करविण्यांत आली, आणि पाडावी कीं राखावी हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्या लोखंडानें पुढील शतकास उंच बांधण्याचा धडा दिला, तें गंज व दुर्लक्ष ह्यांपुढें हतबल झालें. वाहून गेलेल्या वह्या आतां परत येणार नाहींत. निदान खांब राहिले तर पहिला दस्तऐवज राहील.

मुंबईची गोष्ट मुंबईकरांनीं पाहावी. आपल्या जिल्ह्यांत काय करतां येईल, हें सांगून लेख पुरा करितों. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा व केळापूर ह्या भागांत धर्मशाळा होत्या, खाणावळी होत्या, साहेबांसाठीं डाकबंगले होते. त्यांच्या वह्या, पावत्या, भाड्याच्या चिठ्या ह्यांस आपले संग्राहक हात लावीत नाहींत. पोथी दिसली कीं मात्र कोसभर चालत जातात. यवतमाळास १९७३ मध्यें ग. दि. माडगूळकर ह्यांच्या, आणि २०१९ मध्यें अरुणा ढेरे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं मराठी साहित्य संमेलनें भरलीं. पहिल्या संमेलनास आलेले लेखक कोणाच्या घरीं, कोणत्या वाड्यांत, कोणत्या लॉजमध्यें उतरले, हें सांगणारीं माणसें आतां वृद्ध झालीं आहेत. त्यांच्याकडून आज लिहून घेतलें तर ती स्वमुखाची साक्ष होईल. वीस वर्षांनीं लिहिलें तर आख्यायिका होईल.

तरी ज्यांच्या घरीं अशा उतारगृहांचे कागद, नांव छापलेले पत्रांचे कागद, बिलें किंवा मुक्कामाचा उल्लेख असलेलीं पत्रें असतील, त्यांनीं तीं रद्दींत न घालतां त्यांवर तारीख, गांव आणि मिळाल्याचें ठिकाण लिहून जपून ठेवावीं व मंडळास कळवावें. आणि पाहुण्याबरोबर त्या वेळीं स्वयंपाक करणाऱ्याचें, पाणी तापविणाऱ्याचें व सामान वाहणाऱ्याचें नांव ठाऊक असेल, तर तेंही अवश्य लिहावें. स्थानपोथीकारानें दाराची दिशा टाकिली नाहीं. आपण माणसांचीं नांवें टाकूं नयेत.